पान तीनशे बारापासून

१

पहिली पाळी तीनला सुटते. उद्यमनगरातून सिद्धार्थनगरात सायकलनं यायला वीस मिनिटं लागतात, पावसात थोडी जास्त. घरी आलो की मोरीत हातपाय धुवायचे, स्टोव्हवर चहा ठेवायचा, चहात दोन बटर बुडवून खायचे आणि पुस्तक घेऊन बसायचं. आई वसतिगृहात भाकऱ्या करायला जाते, ती सहाला येते. तेवढा वेळ घर माझं असायचं. जवळजवळ चार आठवडे मी रोज हेच केलं.

मी सातवी नापास आहे. मला मनात वाचता येत नाही. ओठ हलल्याशिवाय अक्षर डोक्यात शिरत नाही, म्हणून ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचतो. दिवसाला तीन-चार पानं व्हायची.

पुस्तक रशियन होतं. म्हणजे छापलेलं मराठीत, पण गोष्ट तिकडची. माझ्या थोरल्या बहिणीनं ते बिंदू चौकातल्या फुटपाथवरून आणलं होतं. कव्हर आणि पहिली पानं फाटलेली, त्यामुळं नाव काय ते तिलाही माहीत नव्हतं. पानं मात्र जाड, आणि आतून शिळ्या डिंकाचा वास.

बहिणीचं नाव क्रांती. मी तिला आक्का म्हणायचो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. नव्व्याण्णवच्या जूनमध्ये ती गेली. तोवर तिची तीनशे अकरा पानं झाली होती. राहिलेली ऐंशी पानं तिला वाचून दाखवायची, एवढंच मला करायचं होतं. मेलेल्याला वाचून दाखवत नाहीत, हे मलाही कळतं. पण मी तिला एक गोष्ट बोललो होतो, आणि तिच्याशी बोलायची दुसरी वाट मला ठाऊक नव्हती.

२

पावसाळ्याचे तीन महिने आमच्या विहारात ग्रंथवाचन असतं. वाचणारा एक, ऐकणारे वीस-पंचवीस. आमच्या विहारात एक पद्धत आहे. पान संपलं की वाचणारा थांबतो. ऐकणाऱ्यातलं कुणीतरी "पुढं" म्हणतं, मगच पान उलटायचं. कुणी म्हणालं नाही तर लोकांना कळलं नाही असं समजून तेच पान परत वाचायचं. हा नियम आकारामआबांचा. ते रेल्वेत गँगमन होते. म्हणायचे, "झेंडा दिसल्याबिगर गाडी हलवायची न्हाय."

आक्कानं तो नियम घरात आणला. ती आजारी पडल्यावर आतल्या खोलीत कॉटवर असायची, मी बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून. मध्ये आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. ती वाचायची आणि पान संपलं की थांबायची.

गोष्ट साधी होती. नदीकाठचं एक गाव. फेना ही नाववाल्याची मुलगी, आणि तिमोफेय हा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा. दोघांचं जमतं, आणि त्याच साली तिकडं राजाचं राज्य जातं. गावात आज एक फौज, उद्या दुसरी. तिमोफेय लढाईत जातो. सांगून जातो की नदी गोठली की बर्फावरून चालत येईन. नदी गोठते, वितळते, परत गोठते. फेना वाट बघते.

"तिम्या येतोय का न्हाय मग?" मी विचारायचो.

"तिम्या न्हवं रं, तिमोफेय. आपल्या तालमीतला हाय व्हय त्यो?"

"एवढं मोठं नाव घिऊन पळाला कसा लढाईत?"

ती हसायची. हसली की खोकला लागायचा, आणि खोकला लागला की मी उठून बाहेर जायचो.

कारण मला किळस यायची. तिला छातीचा आजार होता. पहिल्यांदा बरं वाटलं म्हणून तिनं गोळ्या मध्येच सोडल्या, नंतर औषध लागू पडेना. कॉटखाली पत्र्याचा डबा असायचा, तळाला राख घातलेला. रोज सकाळी तो मी ओतून यायचं असं ठरलं होतं. मी फौंड्रीत कास्टिंगच्या कडा घासतो. तेल, काजळी, जळलेली वाळू, मला कशाचं काही वाटत नाही. पण त्या डब्यातलं मला बघवत नव्हतं. आठ दिवस मी तोंडाला फडकं बांधून ओतलं, मग आईला सांगितलं, मला जमणार नाही. आक्का पान उलटायला बोट जिभेवर ओलं करायची. पुस्तकाचे कोपरे तपकिरी झाले होते. तिनं पुस्तक पुढं केलं तर मी ते मधोमध धरायचो. तिला ते दिसायचं. 

एका दुपारी शेजारच्या गुंडूच्या घरी टीव्हीवर मॅच चालू होती. आरडाओरडा ऐकू येत होता. आक्काचं पान संपलं. ती थांबली.

"पुढं म्हण की."

मी गुंडूच्या भिंतीला कान लावला होता. तिनं तेच पान परत वाचलं, दम घेत घेत. दोन शब्दांच्या मध्ये घशात काहीतरी खरखरायचं.

"संग्राम, पुढं म्हण की रं."

मी चपला घालत म्हणालो, "बास कर आक्का. तुझ्या तोंडाचा आवाज ऐकून वकारी येतीया मला."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. पुस्तकात तिची कॉलेजची पावती खूण म्हणून होती. तीनशे अकराव्या पानावर.

३

आक्काच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे परत गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून मी वाचायला बसलो. बाहेरच्या खोलीत, त्याच भिंतीला टेकून. पडदा सोडलेला. तीनशे बारावं पान संपलं आणि मी सवयीनं थांबलो.

आतून आवाज आला, "पुढं."

मी पान उलटलं. खरंच उलटलं, आणि तीन-चार ओळी वाचल्यासुद्धा. मग हातातलं पुस्तक जड झालं.

उठलो, पडदा सारला. कॉटवर वाकळ घडी घालून ठेवलेली, खिळ्याला तिचा मोहरीच्या रंगाचा स्वेटर. खिडकी बंद. खोलीत दुसरं दार नाही. मी कॉटखालीही बघितलं. डबा धुऊन पालथा घातलेला होता.

आमच्यात भूत नसतं. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. आत्माच नाही म्हटल्यावर भूत कुठलं? आम्ही पिंड ठेवत नाही, कावळ्याला घास ठेवत नाही, देवऋषाकडं जात नाही. मी स्वतःला सांगितलं, गुंडूच्या घराची भिंत एका विटेची आहे, तिकडं कुणीतरी बोललं असेल. मग परत बसलो आणि पान पूर्ण केलं.

"पुढं."

आवाज तिचाच होता. थोडा भरलेला, कफाचा. मी तोंडावर हात धरून रडलो. भीतीनं नाही. मला वाटलं, आता हिला सगळं सांगता येईल.

"आक्का," मी म्हणालो, "त्या दिवशी मी बोललो ते... जाऊ दे म्हण की."

 पावसाचं पाणी पत्र्यावरून पडत होतं तेवढंच. मी परत वाचायला लागलो, आणि पान संपल्यावर परत तेच एक, "पुढं."

तेव्हाच मी मनाशी ठरवलं. हिला गोष्ट पुरी हवीय. गोष्ट पुरी झाली की ती म्हणेल, जाऊ दे. दोन शब्द. त्या दोन शब्दांसाठी मी ऐंशी पानं वाचणार होतो.

४

पाचव्या-सहाव्या दिवशी पान उलटायला गेलो आणि बोटाला ओल लागली.

जुलै होता. आमच्या घरात त्या दिवसांत मीठ सुद्धा पाझरतं. चपलांना बुरशी, भिंतीला बुरशी. पुस्तक ओलसर असणारच, असं म्हणून मी बोट पँटीला पुसलं. पण पुस्तक ओलं नव्हतं. फक्त पुढच्या पानाचा खालचा कोपरा ओला होता, नखाएवढा, आणि कोमट.

मी वास घेतला. नको होता घ्यायला. राखेचा, औषधाचा आणि त्याच्या खाली तोंडाचा वास होता.

मी पुस्तक फेकलं आणि मोरीत जाऊन ओकलो. चहा, बटर, सगळं. साबणानं बोट धुतलं, मग रॉकेलनं धुतलं, मग परत साबणानं. आणि धूत असताना माझी मलाच लाज वाटली. ज्याची माफी मागायला बसलो होतो तेच मी परत करत होतो. आक्काची थुंकी आहे ना ही, मग काय झालं? आईची असती तर? स्वतःची गिळतोसच की.

हात पुसून आत आलो. पुस्तक पडलं होतं तसंच होतं, उघडं, पण पान पुढचं होतं. पंखा बंद होता. वाऱ्यानं उलटलं असेल म्हणावं तर ते पान जाड आहे, आणि खिडकी बंद.

त्या दिवसापासून मी पान उलटताना वरचा कोपरा धरायला लागलो. चार दिवस बरं चाललं. पाचव्या दिवशी वरचा कोपरा ओला होता.

५

विहारात संध्याकाळी वाचनाआधी आकारामआबा सतरंज्या झाडत होते. मी मदतीला गेलो.

"जयभीम आबा."

"जयभीम. तोंड का असं सुतकी? जेवतोस न्हवं?"

"जेवतो की. आबा, एक इचारू? माणूस गेल्यावर त्याला ऐकू येतं काय?"

"जित्यापणी घरात आमचं कोण ऐकत न्हाय, गेल्यावर काय ऐकतंय?" ते स्वतःच हसले, मग माझ्याकडं बघून हसायचे थांबले. "काय झालंय?"

"आक्काचं पुस्तक राहिलंय. मी वाचालोय तिच्यासाठी. आपल्या पद्धतीनं. पान संपलं की थांबतो."

"एकटाच?"

"एकटाच."

आबांनी सतरंजीची घडी मांडीवर ठेवली. "थांबायचं कशाला मग? हितं पंचवीस माणसं असत्यात, कळलं का न्हाय ते बघाय थांबायचं. एकट्यानं वाचताना थांबू न्हाय."

"का?"

"का काय? रानात, स्टेशन नसताना गाडी उभी केली, तर कोण चढलं ते गार्डालाबी कळत न्हाय." मग त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मनाचं असतंय सगळं. पोरगी हुशार हुती, तुला आठवण येती. आपल्यात असलं काय नसतंय. वाचून टाक एकदाचं आणि कामाला लाग."

दुसऱ्या दिवशी मी थांबलो नाही. पान संपताच उलटलं आणि श्वास न घेता वाचत राहिलो. आतून "पुढं" आलं नाही. एक पान, दोन पानं. मला हलकं वाटलं. वाटलं की सगळं माझंच होतं, मीच थांबून ऐकत होतो म्हणून ऐकू येत होतं.

तिसऱ्या पानाला आत कॉट करकरली. कुणीतरी पाय खाली सोडल्यावर करकरते तशी. मी वाचत राहिलो, पण अक्षरं लागेनात. पाय घासत चालल्याचा आवाज झाला, तीन पावलांचा. आक्काची खोली तीन पावलांचीच आहे.

मी थांबलो.

"पुढं," पडद्याच्या मागून आलं. अगदी मागून. श्वासानं लुगडं आत ओढलं गेलं आणि परत फुगलं. तोंडाच्या जागी ते ओलं झालेलं मला दिसलं.

६

तरी मी वाचत राहिलो. कुणी विचारेल, का पळाला नाहीस? तिच्यापासून मी एकदा पळालो होतो.

पण एक गोष्ट मला खटकायला लागली होती. आक्काला या पुस्तकातलं काय आवडायचं ते मला माहीत होतं. फेना आणि तिमोफेय नावेत बसून नुसते पाण्यात हात घालतात, असं एक पान आहे. ते तिनं मला तीनदा वाचून दाखवलं होतं. मी म्हणालो होतो, ह्यात काय झालंच न्हाय की. ती म्हणाली होती, "तुला कळायचं न्हाय. कुणीतरी भेटू दे, मग कळंल."

तीनशे पन्नासाव्या पानाच्या आसपास फेनाला त्याचं पत्र मिळतं. दोन वर्षं फिरून आलेलं, अर्धं पुसलेलं.  मी मुद्दाम सावकाश वाचत होतो, आक्काला आवडेल म्हणून. पान निम्मंही झालं नव्हतं.

"पुढं."

"थांब की, पत्र हाय त्याचं."

"पुढं. पुढं."

आक्का असती तर तिनं मला ते पान परत वाचायला लावलं असतं.

मग आगगाडीचा भाग आला. लढाईतून आजारी शिपायांना मालडब्यात भरून आणतात. डबे वाटेतच सोडून दिलेत, दारं बाहेरून बंद. फेना त्याला शोधायला जाते आणि एक दार उघडते. आत काय असतं ते सगळं लिहिलंय, उवा, पेंढा, गोठलेल्या ओकाऱ्या, जिवंत आणि मेलेली माणसं एकमेकांना चिकटलेली. मला वाचवत नव्हतं. पान कसंतरी संपवलं आणि थांबलो.



पडद्यामागून बारीक आवाज येत होता. गिळल्याचा. तोंडाला पाणी सुटल्यावर माणूस गिळतो तसा.

"पुढं" आलं नाही. नियम होता. मी पान उलटायला हात घातला तर पान चिकटलं होतं, सोडवेना. मी तेच पान परत वाचलं. थांबलो. परत फक्त गिळण्याचा आवाज. परत वाचलं. त्या दिवशी ते एक पान मी नऊ वेळा वाचलं. पाचव्या वेळेपासून मला उमासे यायला लागले. मी शर्ट तोंडात कोंबायचो, उमासा गेला की पुढची ओळ. नवव्यांदा संपल्यावर आतून समाधानानं, ढेकर दिल्यासारखं आलं, "पुढं."

माझी आक्का तसली नव्हती. ती त्या पानावर रडली असती.

७

सोमवारी कारखान्याला सुट्टी असते. मी उशिरापर्यंत झोपतो. त्या सोमवारी मात्र उजाडायलाच जाग आली. आई आतल्या खोलीतून बाहेर येत होती. तिच्या हातात तो डबा होता.

ती माझ्याकडं न बघता मागच्या दारानं गेली. मी मागोमाग गेलो. तिनं संडासात डबा ओतला, पाणी मारलं, विसळला, मग चुलीतली राख मुठीनं तळाला पसरली. आक्का असताना जसं करायची तसंच. मी आत काय होतं ते बघितलं. बघायचं नव्हतं. ते नुसतं पाणी नव्हतं.

"आई, कवाधरनं चाललंय हे?"

"तू वाचाय लागल्यापासनं."

"आणि तू मला सांगिटलं न्हाईस?"

"तू तरी मला कुठं सांगिटलंस?"

मी तिचा हात धरला. हात ओला होता, मी सोडला. तिनं ते बघितलं.

"आई, ती आक्का न्हाय."

"तू बघिटलीस?"

"न्हाय. पण आक्काला जे आवडायचं ते हिला आवडत न्हाय. हिला नुसतं घाण ऐकाय पायजे."

"आवाज कुणाचा हाय?"

"आवाज तिचा हाय, पण..."

"मग झालं." आई डब्याचा काठ पदरानं पुसत होती. नीट, चहाचा कप पुसावा तसा. "तुला वकारी येती. मला येत न्हाय. मी आई हाय तिची. त्या दिवशी तू तिला काय बोललास ते मी मोरीत भांडी घासत ऐकलंया."

मला वाटलं होतं ते फक्त आक्कालाच माहीत आहे.

"तवा मी तुला काय बोललो का?" आई म्हणाली. तिची बोलायची ढब अशीच आहे, आमच्याकडच्या बायकांसारखी. "एका शब्दानं बोललो न्हाय. आता तू गप बसायचं आणि वाचायचं. सावकाश वाच. संपवू नगंस."

"संपल्यावर जाईल म्हणूनच वाचालोय मी."

"म्हणूनच सांगतो," ती म्हणाली, "संपवू नगंस."

८

मी संपवायचं ठरवलं. राग आला की मला थांबता येत नाही. मंगळवारी, बुधवारी रोज आठ-आठ पानं वाचली. घसा बसला. कोपरे ओले असायचे, मी तसेच धरायचो. गुरुवारी तीनच पानं उरली आणि घरी आलो तर आई कामाला गेलीच नव्हती. बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. तिथून पडदा दिसतो, पडद्यामागचं दिसत नाही. चुलीवर भात आणि आमटी करून ठेवली होती. मी पुस्तक घेऊन बसलो. ती नको म्हणाली नाही. मला वाटतं, तिलाही शेवट ऐकायचा होता.

शेवट असा आहे. फेना आता म्हातारी व्हायला लागलीय. लढाई संपली, नवं राज्य आलं, नावही सरकारनं नेली. त्या वर्षी नदी लवकर गोठते. एका दुपारी तिला खिडकीतून दिसतं की पलीकडच्या काठावरून बर्फावर कुणीतरी चालत येतंय. तिमोफेय असेल किंवा नसेल. चाल ओळखीची वाटते. ती पाव कापते, दोन ताटल्या मांडते आणि कडी काढते. बस्स. तो कोण होता ते लिहिलेलंच नाही.

शेवटचं पान मी बंद केलं. तीनशे एक्याण्णव.

"संपलं आक्का," मी म्हणालो.

 पत्र्यावर पाऊस. आईनं पदर तोंडात धरला होता.

मी वाट बघत होतो. एवढे दिवस ज्याच्यासाठी बसलो ते आता यायचं होतं. जाऊ दे रं. नाहीतर संग्राम एवढं तरी. कुणी नावानं हाक मारली तरी चाललं असतं.

"पुढं."

"पुढं न्हाय. पुस्तक संपलं."

"पुढं."

"आक्का, मी तुला बोललो ते चुकलं. मला घाण वाटायची, व्हय, वाटायची. मी तुझा डबा ओतला न्हाय. तू मराय टेकल्यावर मी गुंडूच्यात मॅच बघालतो. हे घे, सगळं सांगिटलं. आता तू बोल. एकदा बोल की काहीतरी!"

"पुढं," ते म्हणालं. तसंच, आगगाडीच्या पानावर म्हणालं होतं तसंच. तोंडाला पाणी सुटलेलं. मी सांगितलेलं त्याला आवडलं होतं. त्याला तसलंच आणखी हवं होतं.

मी उठलो आणि पडदा ओढला.

फार वेळ नाही बघितलं. एवढंच सांगतो. ते पाठमोरं उभं होतं, भिंतीच्या ओलीकडं तोंड करून. अंगात आक्काचा मोहरी स्वेटर होता, पण उलटा घातलेला, बटणं पाठीवर, आणि सगळी नीट लावलेली, मानेपर्यंत. एक बोट तोंडात होतं, पार मुळापर्यंत. पडदा निघाल्यावर ते थोडंसं वळलं, अर्धंच. मला तोंडाची एक बाजू दिसली. बोट बाहेर येत होतं आणि दात दिसले. बारीक, पांढरे, सगळे सारखे. दुधाचे दात. मोठ्या माणसाच्या तोंडात, खूप.

मी पडदा सोडला.

आई कोपऱ्यातून माझ्याकडं बघत होती. ती उठली नव्हती. मला कळलं की ती स्वतः कधीच नजर वर करून बघत नव्हती. रोज सकाळी ती खाली मान घालून आत जात असणार, डबा घेऊन खाली मान घालूनच बाहेर येत असणार. एवढे दिवस तिनं ते माझ्यावर सोडलं होतं.

"तीच हाय न्हवं?" आई म्हणाली.

माझ्या घशाशी आंबट आलं होतं. ते मी गिळलं.

"संग्राम. तू बघिटलंस. तीच हाय न्हवं?"

तिचे केस महिन्याभरात पांढरे झालेले मी त्या वेळी पहिल्यांदा बघितले. मी त्या घरात एकदा खरं बोललो होतो, आक्काशी, त्या मॅचच्या दुपारी.

"व्हय आई," मी म्हणालो. "आक्काच हाय."

"कशी दिसती?"

"बरी दिसती. अंगात स्वेटर घातलाय. खोकला पण कमी वाटतोय."

आई हसली. जूनपासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं. तिनं भराभरा ताट घेतलं, भात वाढला, आमटी ओतली, हातानं कालवून गुठळ्या मोडल्या, आणि पडदा खांद्यानं सारून आत गेली.

मी भिंतीला टेकून खाली बसलो. आतून आई म्हणत होती, "सावकाश खा बाळा, कुणी न्हेत न्हाय." आणि ते खात होतं. भराभर.

मी ऐकत राहिलो. उठून बाहेर गेलो नाही.